चिमणीचं पाणी

आधीच सांगते, मधे कुणी हसायचं नाही. यातला शब्दन्‌शब्द खरा आहे. खोटा निघाला तर तव्यावरची भाकर फुगू नये, दुभत्या म्हशीनं भरली बादली लाथाडावी आणि विहिणीशी बोलताना फोनची बॅटरी एक टक्क्यावर यावी! याच्याहून मोठी शपथ अख्ख्या खानदेशात नाही.

तर, साक्री तालुक्यात पांझरेच्या वरच्या अंगाला वाघळदरे म्हणून गाव आहे. तिथली केवळबाई. वय एकसष्ट, पण गुडघे वयाच्या दहा वर्षं पुढे आणि जीभ वयाच्या चाळीस वर्षं मागे. तिनं नुसतं बघितलं तरी मिरचीला ठसका लागायचा. ही बाई गावाची पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी वाटणारी.

आश्विनातली सकाळ होती. केवळबाई नेहमीसारखी पाटावर उभी होती. खांद्यावर फावडं, काखेत पिशवी. तिनं फावड्यानं मातीचा बांध थोडा उकरला, तसं पाणी खळखळत दुसऱ्या चारीला लागलं. मग पदराला हात पुसून तिनं पिशवीतून पाटीएवढी स्क्रीन काढली.

"सालदार, उठला का रे?"

"मी झोपत नाही, बाई," स्क्रीन म्हणाली.

"म्हणूनच तुझं डोकं चालत नाही. शाळेची परीक्षा संपली ना? मग शाळेच्या फडातलं थोडं काढ आणि दवाखान्याच्या फडाला दे. आज मोठी डॉक्टरीणबाई धुळ्यात बसून इथल्या म्हाताऱ्यांचे डोळे बघणार आहे."

"दिलं, बाई."

झालं. पाणी वळायला जेवढा वेळ लागला त्याच्या हजाराव्या हिश्शात हवेतलं इंटरनेटचं जाळं वळलं.

आता हे फडाचं प्रकरण नीट समजून घ्या, नाहीतर पुढे माझ्याच तोंडाकडे बघत बसाल. वाघळदऱ्याची पाणी वाटायची पद्धत शेकडो वर्षांची. नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालची सगळी जमीन मोठमोठ्या फडांत वाटलेली. नदी एकच, पाट एकच, पण कोणत्या फडाला कधी आणि किती पाणी हे ठरलेलं. एका फडाचं पाणी दुसऱ्यात शिरता कामा नये. शिरलं तर पाटकऱ्याला सगळं गाव बोलणार. केवळबाईचे सासरे दगाबाबा पाटकरी होते. त्यांच्यानंतर त्यांचा मुलगा व्हायचा, पण त्याला पहाटे उठवायचं म्हणजे दोन बैल आणि एक दोरखंड लागायचा. म्हणून फावडं सुनेच्या हातात आलं.

तीन वर्षांपूर्वी गावात सबिहा तांबोळी नावाची इंजिनिअर आली. ग्रामसभेत पडदा लावून तिनं चित्रं दाखवली. म्हणाली, गावाचा मनोरा एक, शहरातून येणारी तार एक. पण सॉफ्टवेअरनं त्याच जाळ्याचे आभासी भाग पाडता येतात. एक भाग दवाखान्याचा, एक शाळेचा, एक नुसत्या गप्पांचा. लग्नाचे व्हिडिओ पाठवून गप्पांचा भाग तुंबला, तरी दवाखान्याचा अडणार नाही. लोकांनी माना हलवल्या. कळल्यामुळे नव्हे, डुलकीमुळे.

केवळबाई मात्र ताडकन उभी राहिली. "अगं पोरी, मग सरळ फड म्हण ना! मातीचे बांध नाहीत, मनातले बांध आहेत, एवढाच फरक."

सबिहानं पुढचं चित्र लावायचं थांबवलं. पाच वर्षं शिकून तिला जे एका वाक्यात सांगता येत नव्हतं ते या बाईनं सांगून टाकलं होतं. त्याच वर्षी जाळ्याची वाटणी बघायला गावाची स्वतःची समिती झाली आणि आभासी फडांचं फावडंही केवळबाईच्या हातात आलं. क्षणाक्षणाची वाटणी एक प्रोग्रॅम करायचा. तो वर्षाच्या बोलीवर कंपनीकडून घेतलेला, म्हणून केवळबाईनं त्याचं नाव ठेवलं सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. पण कुणाला आधी, कुणाला नंतर, हे सालदाराला ती सांगायची. जाळ्यावर ताण आला की तिला स्क्रीन बघायची गरजही पडत नसे. मनोऱ्यावरचे पारवे छाती फुगवून बसले की ती म्हणायची, "गप्पांचा फड तुंबला बघ." आणि तुंबलेला असायचाच! हसू नका म्हटलं ना?

या सगळ्या फडांत जिवाभावाचा फड होता ऊसतोडीचा.

पूर्वी दसरा झाला की वाघळदऱ्यातली चाळीस घरं कुलूप लावून ऊसतोडीला जायची. सहा महिने परमुलखात, पाचटाच्या कोपीत, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याच्या खोपटात. केवळबाईचा मुलगा भटू आणि सून उज्ज्वला दहा वर्षं गेली. त्यांची जाई त्यातल्याच एका कोपीत रांगायला शिकली. मग यंत्रं आली. उसाच्या फडात यंत्र चालायचं आणि ते चालवणारा माणूस चारशे किलोमीटरवर, वाघळदऱ्याच्या जुन्या दूध डेअरीत खुर्चीवर बसायचा. डोळ्याला चष्मा, हातात दांडा. बारा खुर्च्या, तीन पाळ्या. दोन वर्षं झाली, चाळीस घरांपैकी एकाचंही कुलूप दसऱ्याला लागलं नव्हतं. जाई पहिल्यांदाच सलग एका शाळेत बसली होती आणि संध्याकाळी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून तिलाच गणित शिकवत होती.

पण यंदा कारखान्यांच्या संघानं नवा नियम काढला. हंगामाआधी प्रत्येक गावाच्या ऊसतोड फडाची एक तास चाचणी. यंत्राला लाख वेळा हाक मारली तर नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव वेळा वेळेत ओ मिळाली पाहिजे. अर्धा सेकंद ओ आली नाही तर यंत्र सुरक्षेसाठी आपोआप थांबतं. त्या तासात एक जरी यंत्र थांबलं तर गाव नापास. नापास झालेल्या गावानं पुन्हा पूर्वीसारखं जायचं, यंत्राजवळ, कोपीत.

चाचणी होती त्याच दिवशी, दुपारी बारा ते एक. आणि चाचणी घ्यायला आली होती सबिहा.

"मावशी!" सबिहा दहा वाजताच पाटावर येऊन धडकली. बूट चिखलात, डोळे हातातल्या आकड्यांत. "मावशी, तुमच्या बांधाला भोक आहे."

"कुठल्या?" केवळबाईनं साळसूदपणे फावड्याकडे बघितलं.

"पाटाच्या नाही हो. आभासी बांधाला. प्रत्येक फडातून हजारातला एक भाग गळतोय. दवाखाना, शाळा, ऊसतोड, सगळ्यांतून. आणि तो कुणाच्याच नावावर नाही. कुठे जातो?"

"ते भोक नाही बाई. ते चिमणीचं पाणी."

सबिहानं कपाळावर हात मारला. केवळबाई पाटाच्या दगडावर टेकली आणि तिलाही शेजारी बसवलं.

"आमचे मामंजी बांध घालायचे ना, तेव्हा शेवटी त्यात करंगळी घालून भोक पाडायचे. प्रत्येक बांधाला. म्हणायचे, ज्याची जमीन आहे त्याला फडाचं पाणी, ज्याची नाही त्याला हे. चिमण्या येतील, सरडा येईल, वाटसरू ओंजळ भरेल. बांध इतका पक्का बांधू नये की तहानलेल्याला चोच मारायला जागा उरणार नाही. मी सालदाराला तेवढंच शिकवलं. ज्याला कुठलाच फड नाही त्यानं हाक मारली, तर या थेंबातून ओ द्यायची."

"आणि मारतं कोण हाक?"

केवळबाईनं बंधाऱ्यापलीकडच्या डोंगराकडे हनुवटी केली. "उखा ठेलारी."

उखाबाबा म्हणजे गावातला शेवटचा फिरता मेंढपाळ. वर्षातले आठ महिने मेंढ्या घेऊन डोंगरापलीकडे. कंपनीच्या नकाशात त्या भागावर 'वस्ती नाही' असा शिक्का होता, म्हणून तिथे एकाही फडाचं जाळं पोचवलेलं नव्हतं. माथ्यावर एक छोटा मनोरा होता, तोही अडचणीच्या वेळेपुरता. शहराकडची तार तुटलीच तर त्याच्यावरून वळसा घालून जायचं. एरवी तो उन्हावरची बॅटरी वाचवायला झोपलेला, फक्त चिमणीच्या पाण्यातून उखाची हाक न्यायला रोज उठायचा. जागा व्हायला त्याला सात सेकंद लागायचे.

उखाची बायको सरजाबाई गावात, पाटाकाठच्या घरात एकटी होती. तिची आठवण चार वर्षांपूर्वी जायला लागली. आधी नावं गेली, मग सणवार गेले, मग भूकसुद्धा गेली. पुढ्यातलं ताट तिला ओळखू येत नसे. पण एक गोष्ट राहिली होती. रोज बाराच्या ठोक्याला उखा डोंगरावरून फोन करायचा. सरजाच्या गळ्यात केवळबाईनं चंचीत घालून फोन अडकवलेला, तो आपोआप सुरू व्हायचा. उखा काही फार बोलत नसे. तो मेंढ्यांना हाक द्यायचा, "हुर्रर्र, टिर्र टिर्र," आणि सरजाला वाटायचं, धनी अंगणातच आहे. मग ती निवांत भाकर मोडायची.

सबिहानं सगळं ऐकलं. मग ती काडीनं बुटांचा चिखल काढायला लागली.

"मावशी, मला तुमच्या सासऱ्यांचं सगळं पटतं. पण आज नियम असा आहे, ऊसतोड फडात दुसऱ्याचा एक थेंब आला किंवा फडातून एक थेंब गेला, तर ती घुसखोरी, आणि घुसखोरीला नापास करू शकतात. मी लिहिलं नाही तरी ही हातातली मोजपट्टी आपोआप लिहिते. फक्त एक तास बंद करा. भटूदादासाठी."

"फक्त एक तास," केवळबाई म्हणाली. पण ते ती सबिहाला सांगत होती की स्वतःला, कुणास ठाऊक.

तिनं उखाला फोन लावून बघितला. पण उखा भारी चिकट माणूस, बॅटरी वाचवायला तो फोन बाराला सुरू करायचा आणि जेवण झालं की बंद. मग साडेअकराला ती स्वतः सरजाकडे गेली. गरम भाकर, उडदाची डाळ, वर तेलाची धार. शेजारी बसून तिनं तोंडानं मेंढ्यांचे आवाजही काढले. सरजानं तिच्याकडे असं बघितलं, जसं लहान मूल वेड्या माणसाकडे बघतं.

"कोन तू?"

"मी केवळ. खा ना माय, दोन घास."

"उखा कोठे से?"

"येतोय. आज तासभर उशीर आहे."

सरजानं ताट दूर सारलं. केवळबाईनं ते पुन्हा जवळ ठेवलं, वरून फडकं टाकलं आणि निघाली. दारातून तिनं मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर ती निघाली नसती.

बाराला पाच मिनिटं कमी होती. डेअरीत बारा जण बारा खुर्च्यांवर बसले होते, भटू खिडकीजवळच्या. त्याच्या मागे उज्ज्वला, बाकीच्या बायका, म्हातारे, सगळे श्वास धरून उभे. चिमणीएवढाही आवाज नव्हता. केवळबाई कोपऱ्यात स्क्रीन घेऊन बसली.

"सालदार," ती हळूच म्हणाली, "चिमणीचं पाणी बंद कर."

"नक्की, बाई?"

"गड्यानं उलट विचारायचं नसतं."

"बंद केलं, बाई."

बारा वाजले. चारशे किलोमीटरवर बारा यंत्रांनी एकदम दाढा उघडल्या. समोरच्या भिंतीवर ऊस आडवा होत होता, सर्रसर्र. भटूची पाठ केवळबाईला दिसत होती. कोपीत थंडीनं आखडलेली हीच पाठ तिनं दहा वर्षं चैत्रात तेलानं चोळली होती. पंधरा मिनिटं गेली. वीस. सबिहाच्या मोजपट्टीवर सगळं हिरवं. एक ओ चुकली नव्हती.

बारा अठ्ठावीसला केवळबाईची नजर खिडकीबाहेर गेली.

सरजा बंधाऱ्यावर होती.

हातात ताट, ताटावर फडकं. बंधाऱ्याची भिंत दीड हात रुंद, एका बाजूला तुडुंब नदी, दुसऱ्या बाजूला दोन पुरुष खोल दगड. उखाच्या मेंढ्या त्याच भिंतीवरून डोंगराकडे जायच्या. सरजाला बाकी काही आठवत नव्हतं, पण वाट आठवत होती. धनी आला नाही, म्हणून ती त्याचं जेवण त्याला द्यायला निघाली होती.

"सबिहा!" केवळबाईनं खिडकीकडे बोट केलं. "धाव! बंधाऱ्यावर!"

सबिहानं एकदा खिडकीतून बघितलं आणि मोजपट्टी तिथेच टाकून दाराबाहेर उडाली. पण डेअरीपासून बंधारा चांगला पाव मैल. केवळबाईचे गुडघे तर तिथे उद्याच पोचले असते. ओरडावं तर सरजा दचकणार. फोन करावा तर ती फक्त डोंगरावरच्याच आवाजाला मानणारी. तिला थांबवील असा जगात एकच आवाज होता आणि तो बाहेरच्या बाजूला, बंद भोकापाशी, अर्धा तास हाका मारत उभा होता.

केवळबाईनं भटूच्या पाठीकडे बघितलं. मग स्क्रीन तोंडाजवळ धरली.

"सालदार, भोक उघड."

"बाई, चाचणी चालू आहे. घुसखोरीची नोंद होईल."

"होऊ दे. उघड म्हणते ना!"

"उघडलं, बाई."

डोंगरमाथ्यावरचा झोपलेला मनोरा जागा झाला. एक, दोन, तीन, केवळबाई ओठांत मोजत होती. सात म्हटलं आणि तिकडे बंधाऱ्याच्या मधोमध सरजाच्या गळ्यातली चंची बोलली.

"हुर्रर्र! टिर्र टिर्र!"

सरजा थांबली.

"सरजे! कोठे से तू?" उखाचा आवाज रडवेला झाला होता. त्याला तिकडे नुसता पाण्याचा घोंघाट ऐकू येत होता, आणि चाळीस वर्षं ज्या बंधाऱ्यावरून मेंढ्या नेल्या त्याचा आवाज त्यानं ओळखला. "हालू नको. तठेच बस. मी आठेच से ना, आंगनातच! बस, आन् भाकर खाय."

सरजा दीड हाताच्या भिंतीवर पाय सोडून बसली, जशी काही आपल्याच ओट्यावर. फडकं काढलं आणि भाकर मोडली. सबिहा पोचली तेव्हा ती अख्खी भाकर खाऊन हात पुसत होती.

पण इकडे काय झालं ते ऐका. बारा एकतीसला मनोऱ्यावरचे सगळे पारवे भुर्रकन उडाले. खाली मोठ्या रस्त्याचं काम चाललं होतं, तिथे खोदाईच्या यंत्रानं एक घाव घातला आणि शहराकडून येणारी तार, गावाची ती एकुलती एक तार, मुळ्यासारखी कापली गेली.

गप्पांचा फड मेला. शाळेचा मेला. बंधाऱ्याच्या पाणीपातळीचे आकडे विझले. केवळबाईनं डोळे गच्च मिटले आणि यंत्रं थांबल्याचा आवाज कानावर यायची वाट बघत बसली. आलाच नाही. सर्रसर्र, सर्रसर्र, ऊस पडतच होता.

"माय," भटू मान न वळवता म्हणाला, "पाणी दे गं जरा. घसा सुकला."

त्याला पत्ताच नव्हता.

"सालदार," केवळबाई कुजबुजली, "तार तुटली ना रे?"

"तुटली, बाई. ऊसतोड आणि दवाखाना डोंगरावरून वळवले. दवाखान्यात डोळे बघणं चालू आहे. एकही यंत्र थांबलं नाही."

"कसं काय? डोंगरावरचा तो आळशी उठायलाच सात सेकंद घेतो."

"उठायला घेतो, बाई. पण तो तीन मिनिटांपासून जागाच होता. उखाजी बोलतायत."

केवळबाईनं स्क्रीन मांडीवर ठेवली. तिला दगाबाबांचं एक बोलणं आठवलं. वाहत्या पाटाला गाळ धरत नाही. ज्या पाटातून रोज थोडं तरी पाणी जातं, तोच पाट मोठ्या पाण्याच्या दिवशी कामाला येतो. ज्याला जपून कोरडा ठेवला, तो ऐन वेळी फुटतो. म्हातारा नुसता चिमण्यांचा लाडका नव्हता, चांगला कावेबाज होता.

एक वाजला. डेअरीत आरडाओरडा झाला, कुणी भटूला उचललं, उज्ज्वला रडायला लागली. सबिहा ओल्या बुटांनी दारात आली. एका हातानं तिनं सरजाला धरलं होतं, दुसऱ्या हातात रिकामं ताट. ती सरळ मोजपट्टीकडे गेली.

"मावशी, भोक बंद केलं होतंत ना?"

"केलं होतं."

"मग?"

"मग उघडलं. बारा अठ्ठावीसला. खोटं सांगणार नाही." केवळबाईनं पदर सावरला. "लिही तुला काय लिहायचं ते. पण त्या भटूला मी स्वतः सांगेन, तुझ्या आईनं केलं म्हणून. तू मधे पडू नकोस."

सबिहा खुर्चीवर बसली. तिनं खरंच सगळं लिहिलं. घुसखोरी एक, यंत्रं थांबली शून्य. त्याखाली तिनं आणखी दोन ओळी लिहिल्या. ही घुसखोरी झाली नसती तर बाराच्या बारा यंत्रं सात सेकंद थांबली असती. अशी घुसखोरी बाकी गावांत नाही, याची मला आता काळजी वाटते.

भटूला आईनं सांगितलं तेव्हा तो आधी पांढरा पडला. मग म्हणाला, "माय, उघडायच्या आधी मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय म्हणाला असतास?"

भटूनं जरा विचार केला. "बंदच ठेव म्हणालो असतो."

"म्हणूनच."

तो अकरा दिवस आईशी धड बोलला नाही. बाहेर गेला की सरजाबाईच्या घरावरून जायचा मात्र, आणि एकदा तिच्या अंगणाला कुंपण घालताना केवळबाईनं त्याला चोरून बघितलं.

अकराव्या दिवशी पत्र आलं. वाघळदरे पास. केवळबाईनं पत्र वाचलं, उज्ज्वलाकडे दिलं आणि घरात जाऊन दाराच्या खिळ्यावरचं मोठं कुलूप काढून जाईला खेळायला देऊन टाकलं.

पत्राच्या मागे एक अट मात्र होती. हे जे काही 'चिमणीचं पाणी' आहे ते आता सगळ्या गावांत लागू करायचं आहे, म्हणून ते रीतसर नोंदवावं. सोबत फॉर्म. फडाचं नाव. फडाचा हेतू. फडाचा मालक. मालकाचा मोबाईल नंबर.

फॉर्म घेऊन सबिहा स्वतः आली होती. दोघी पाटाच्या दगडावर बसल्या. दोन रकाने भरले आणि तिसऱ्याशी पेन थांबलं.

"मालक कोण लिहू, मावशी? तुम्ही?"

"मी कशाची मालक? मी पाटकरी."

"मग उखाबाबा?"

"उद्या डोंगरावर दुसरं कुणी आलं आणि त्यानं हाक मारली तर? त्याला म्हणायचं, हे उखाचं आहे?"

"रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे जात नाही."

केवळबाईनं फावड्याच्या टोकानं चिखलात एक रेघ ओढली, मग पुसली. समोर ओल्या बांधाच्या करंगळीएवढ्या भोकातून पाणी ठिबकत होतं आणि दोन चिमण्या एकमेकींना ढकलत पीत होत्या.

"सबिहा, तू शिकलेली आहेस, तूच सांग. भोकाला एकदा मालक लागला, की त्याचं भोक राहील का? का उद्या तो मालकही त्याला बांध घालेल?"

सबिहानं पेनाला टोपण लावलं. फॉर्म अजून तिच्या बॅगेत आहे म्हणतात, आणि भोक अजून उघडं आहे.

एवढी गोष्ट. सगळी खरी. पारव्यांचंसुद्धा खरं, जाऊन बघा. फक्त, भाकर फुगायची आहे अजून संध्याकाळची, म्हणून कबूल करते. एक बारीकशी गोष्ट मी पदरची घातली. सरजाबाईनं त्या दिवशी अख्खी भाकर खाल्ली नव्हती. तिनं अर्धीच खाल्ली. अर्धी पदरात बांधली आणि कुणाला हात लावू दिला नाही. आठ दिवसांनी उखा खाली उतरला तेव्हा तिनं गाठ सोडून ती त्याच्या हातावर ठेवली, दगडासारखी झालेली. तिला त्याचं नाव आठवलं नाही. आणि त्यानं ती भाकर पाटाच्या पाण्यात बुडवून, तिच्याकडे बघत, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

आता मला सांगा, ती अर्धी भाकर कुठल्या फडातली म्हणायची?